बघूनरावाच्या अंगात कोण आलं?

चैत्र वद्य सप्तमी. सकाळपासून पालखीचं पितळ घासते आहे. दांड्याच्या टोकांची दोन सिंहमुखं झाली, कळस राहिले आहेत. आधी चिंच, मग राख, मग कोरडं फडकं. उद्या आमच्या गावच्या भैरवनाथाची जत्रा. पितळ घासण्याचं काम आमच्या घराकडे आणि पालखीला पहिला खांदाही आमच्याच घराचा. यंदा खांदा द्यायला घरात पुरुष नाही. आमचे हे कंबर धरून अंथरुणावर पडले आहेत. मुलगा मुंबईला नोकरीत, त्याला रजा मिळत नाही. पाटलांचा निरोप आला की यंदा शेजारच्या घराला खांदा देऊ, तुमचा मान पुढल्या वर्षी तुम्हाला परत. मी अजून होय म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. ज्याच्यामुळे हा खांदा आमच्या घरात आला, तो माणूस मात्र सकाळपासून डोळ्यांपुढून हलत नाही.

तो माझा धाकटा दीर. सारं गाव त्याला बघूनराव म्हणायचं. कारण असं, की बंद दाराबाहेरून कुणी "कोण हाय आत?" अशी हाक मारली, तर कुणीही "मी" म्हणतो आणि कडी काढतो. हा म्हणायचा, "बघून सांगतो." आणि खरोखरच बघायला लागायचा. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात मला त्याचा प्रसाद मिळाला. मी नदीवरून धुणं घेऊन आले, तर दाराला आतून कडी. हाक मारली. आतून आवाज आला, "बघून सांगतो." मी उभी. ओल्या धुण्याचं पाणी मानेवरून पाठीत उतरतंय. बऱ्याच वेळाने आतून उत्तर आलं, "मीच हाय, आसं दिसतंय."

"दिसत असेल तर कडी काढा, भाऊजी," मी म्हटलं. "माझ्या डोक्यावर ओझं आहे."

त्याने दार उघडलं. थट्टा केल्याची एक रेष चेहऱ्यावर नव्हती. तेव्हा मला कळलं, की हा चेष्टा करत नाही. ह्याला खरंच प्रश्न पडतो.

लहानपणापासून तो लाजाळू होता, पण त्याची लाज वेगळी होती. चारचौघांत जेवायला बसला की घास तोंडाशी नेताना मध्येच थांबायचा. पाणवठ्यावरून जाताना बायकांनी नुसतं वर पाहिलं तरी त्याचे पाय एकमेकांत अडकायचे. एकदा तर बिनदगडाच्या वाटेवर सपशेल आडवा झाला. बायका हसून लोळल्या. घरी आल्यावर गुडघ्याला हळद लावता लावता मी विचारलं, "चालता येत नाही का सरळ?"

"येतं की," तो म्हणाला. "पर त्या बघाय लागल्या की मीबी माझ्याकडं बघाय लागतो. मंग चालणारा एक आन बघणारा एक. दोघांचं पाऊल एका येळी कसं पडंल, वैनी?"

मी लोणावळ्याची. माझे वडील रेल्वेत होते आणि मी मराठी चौथी पास होऊन ह्या घरात आले, त्यामुळे आपण शिकलेल्या आहोत असा माझा समज होता. ह्या उत्तरावर मी फक्त हळद जास्त लावली.

तो लोणावळ्याच्या शाळेतून मॅट्रिक झाला आणि पुण्याला कॉलेजात गेला. तत्त्वज्ञान हा विषय घेतलाय म्हणाला. सासूबाईंनी, रखमाबाईंनी, विचारलं, "त्ये कशाचं पीक?" तो म्हणाला, "आये, अजून उगावलं न्हाई." सुट्टीत घरी आला की शेतात राबायचा आणि राबता राबता बोलायचा. ऐकायला मी एकटीच, कारण आमच्या ह्यांना घाटातल्या रेल्वेच्या गँगवर मुकादमी करून आल्यावर झोप प्यारी.

एका आवणीला, म्हणजे भातलावणीला, खाचरात चिखलणी चालली होती. हा औत धरून मध्येच थांबला. "वैनी, ह्यो बैल आपल्यापरीस मोकळा. त्याला ठावंच न्हाई त्यो बैल हाय. माणसाला आपण कोण ते कळतं, आन तितंच दावं लागतं."

"एवढा मोकळा आहे तर वेसण कशाला घातलीय त्याला?" मी रोपाची मूठ बांधता बांधता विचारलं.

तो तसाच चिखलात उभा राहिला. बैलांनी तेवढ्यात औत बांधावर चढवलं आणि आमचे हे बांधावरून ओरडायला लागले, की तत्त्वज्ञान पुण्यात ठेवून ये आणि औत माझ्याकडे दे. संध्याकाळी हा चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, "तुमचं खरं हाय. बैलाला वेसण भाईरनं घालत्यात. माणूस आतनंबी घालून घेतो. पर आतली वेसण त्याला दिसती. दिसती म्हणून काढता येती. म्हंजी आपण आपल्याला कळणं हे दावं बी हाय आन कोयता बी."

"कोयता परवापासून सापडत नाही," मी म्हटलं. "तेवढा आधी शोधा."

त्याने तो शोधून आणला. गोठ्याच्या कुडात त्यानेच खोचून ठेवला होता.

ह्याच सुट्टीत कधीतरी त्याने मला विचारलं, "वैनी, हितं तुमाला कुणी वैनी म्हणतं, कुणी सूनबाई, कुणी पोराची आई. तुमी आतनं तुमाला काय म्हणून हाक मारता?" समोर भाताने भरलेला हारा, मांडीवर पोर, चुलीवर आमटी. मी म्हटलं, "मला हाका मारायला वेळ नाही." तो हसला नाही. "बघून सांगा कवातरी," म्हणाला.

आता त्याच्या गळ्यात काय अडकलं होतं ते सांगते. माझे सासरे भैरवनाथाचं झाड होते. म्हणजे जत्रेच्या सकाळी देवाचं वारं त्यांच्या अंगात यायचं. कमरेला घुंगरांचा पट्टा, कपाळाला भंडारा, ढोल वाजला की अंग थरथरायचं. पाटील विचारायचे, "कोण आलंय?" सासरे देवाचं नाव सांगायचे. मग देव कौल द्यायचा. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून भाजतात. त्याला राब म्हणतात. राब कोणत्या दिवशी पेटवायचा ते देव सांगायचा. त्याआधी गावात कुणी काडी ओढत नसे. कौल झाला की पालखी उठायची. वारं आलं नाही तर पालखी उठत नाही, असा दंडक.

बघूनराव पोरगेला असताना एका जत्रेत हिवतापाने फणफणला होता. घोंगडी पांघरून देवळाच्या पायरीवर कुडकुडत बसला होता. लोकांनी पाहिलं आणि ठरवून टाकलं, की थोरल्याला सोडून देवानं धाकट्याला धरलं. त्याच्यासमोर नारळ फुटले. "मी सांगत हुतो, मला थंडी वाजतीय," तो मला म्हणाला होता. "पर माझी थंडी कुणाची हे तेच ठरीवणार." तेव्हापासून बापानंतर हाच, हे गावाने धरून ठेवलं.

झाड होणं म्हणजे एका सकाळचं काम नव्हे. केस कापायचे नाहीत, बाहेरचं खायचं नाही, गावची शीव ओलांडून मुक्काम करायचा नाही, दर अमावास्येला देवळात बसून लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. एकदा पट्टा बांधून थरथरला, की कॉलेज संपलं, पुणं संपलं, सगळं संपलं.

कॉलेजचं शेवटचं वर्ष तोंडावर असताना सासरे आजारी पडले. जाण्याच्या थोडे दिवस आधी त्यांनी मुलाला जवळ बोलावलं. मी पेज भरवत होते, म्हणून मलाही ऐकू आलं. ते म्हणाले, "लेका, कदी वारं खरंच यायचं. मला कायबी ठावं नसायचं. कदी यायचं न्हाई. मंग मी आणायचो. ढोल वाजतोय, लोकं हात जोडून हुबी, काय करणार?"

"आणताना तुमाला कळायचं, बा?"

सासऱ्यांनी पेजेची वाटी हाताने बाजूला सारली. "कळायचं," ते म्हणाले. "तेवढंच जड जायचं."

ते फाल्गुनात गेले. जत्रा चैत्रात. दिवस होऊन घर सावरतं न सावरतं तोच गुरव पट्टा पुसून ठेवून गेला. सासूबाईंना नवऱ्याच्या मागे घराचा मान जाऊ द्यायचा नव्हता. त्यांचीही बाजू होती. झाडाच्या घराला गाव विचारून चालतं, नाहीतर विधवेला कोण विचारतो? जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी अंगणात त्यांनी मुलाला गाठलं.

"जरा अंग हालीव रं. लोकांचं मन ऱ्हातं."

"हालवीन, आये. पर हालवणारा मीच आसंन. ते मला दिसंल."

"दिसू दे की! लोकांस्नी तर न्हाई ना दिसत?"

"मला दिसंल."

"तू काय लोकांपरीस मोठा लागून गेलास?"

"न्हाई. पर लोकं घरी जातील. मला माझ्यापास्नं उठून जाता येत न्हाई."

सासूबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या. आमचे हे म्हणाले, "पळून जा. संध्याकाळची गाडी हाय." त्यावर तो म्हणाला, "पळालो तर लोकं म्हंतील देवानं पळवला." हे अगदी खरं होतं. आमच्या गावाला मी ओळखते.

अष्टमीच्या सकाळी देवळापुढे मुंगी शिरायला जागा नव्हती. आसपासच्या वाड्यांची माणसं, डोंगरावरचे धनगर, मळवली स्टेशनावर उतरलेले पाहुणे. ह्याला मधे उभा केला. कपाळाला भंडारा, कमरेला पट्टा. ढोल सुरू झाला, संबळ सुरू झाला. मी बायकांच्या गर्दीत पुढे होते आणि त्याच्या पायांकडे पाहत होते. चार बायकांपुढे अडखळणारे ते पाय. ढोल चढत गेला. वाजवणाऱ्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. आणि त्याच्या कमरेचं एक घुंगरू वाजेना.

आबा पाटील पुढे झाले. रिवाजाप्रमाणे हात जोडून त्यांनी विचारलं, "कोण आलंय? नाव सांगा, महाराज."

तो म्हणाला, "बघून सांगतो."

पोरं फिदीफिदी हसली. त्याने डोळे मिटले. ढोलवाल्यांना काय करावं कळेना, त्यांचे हात आपोआप थांबले. तो बघत राहिला. दाराआड बघायचा तसाच, घाई न करता. मग डोळे उघडून खणखणीत आवाजात म्हणाला, "मीच हाय. रखमाचा धाकटा. दुसरं कुणी आलेलं न्हाई."

मग मागून एक म्हातारा गरजला, "आवाज ऐकलासा का? काप न्हाई, थरथर न्हाई! आजवर थरथरत यायचा, औंदा देव साक्षात हुबा ऱ्हायला!"

झालं! "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणत अख्खा जमाव वाकला. तो ओरडून सांगतोय, "न्हाई आला, न्हाई आला," आणि लोक एकमेकांना समजावतायत, की देव परीक्षा बघतोय, देव कधी सरळ कबूल होतो काय? त्याने जितक्या वेळा नाही म्हटलं तितक्या वेळा चांगभलं वाढत गेलं. मी कपाळाला हात लावला. खरं बोलूनही माणूस देव होतो, असं गाव दुसरीकडे सापडायचं नाही.

मग मी पाहिलं, तो हसत होता. एवढ्या लोकांच्या नजरेत उभा राहून मजेत हसत होता. त्याने कमरेचा पट्टा सोडून पायरीवर ठेवला आणि पाटलांकडे वळला.

"आबा, तुमच्या आंब्यावरनं पडून हात कुणी मोडून घेतला हुता?"

"तू... म्हंजी तूच. पर तवा अंगात देव न्हवता."

"हात बघा. अजून वाकडा हाय. देवाचा हात वाकडा आसतोय व्हय?"

कुणीतरी खुदकन हसलं. तो गुरवाकडे वळला. "काका, निवदाचं खोबरं कोण पळवायचं?"

"त्यो तू हुतास व्हय रं!" गुरव म्हणाला.

हौसामावशी त्याच्या पायांवर डोकं ठेवून पडली होती. गावातली सगळ्यात तिखट बाई. तो तिच्यापाशी उकिडवा बसला. "मावशी, तुझं रेडकू सोडून म्हशीचं सारं दूध त्याला कोण पाजायचं?"

मावशीने डोकं उचललं. "तू? आरं, मी सुनंला बोल लावला सालभर! मुडद्या, तुला काय धाड भरली हुती?" आणि पदर खोचून उठली ती त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की आवाज देवळावर आपटून परत आला.

झाडाला वारं असताना बोट लावायचीही कुणाची छाती होत नाही. मावशीचाही हात हवेत राहिला. तो पाठ चोळत म्हणाला, "व्हय, मावशी. त्योच मी."

आधी मावशी हसली, मग पाटील, मग सगळी जत्रा. लोक हसता हसता खाली बसले. सासूबाईसुद्धा पदराआड हसल्या, ते मी पाहिलं.

पाटलांना मात्र राबाची काळजी होती. "ते खरं रं लेका, पर राब कवा भाजायचा?"

"तुमचा वाळलाय का?"

"खडखडीत."

"हवा कशी हाय?"

"पडलीया. दोन रोज तर न्हाई उठायची."

"मंग मला काय इचारता, आबा?"

पाटील मिशीत हसले आणि पुढे वाकून हळूच म्हणाले, "तुझा बाप बी हेच इचारायचा मला. फकस्त आदल्या सांजंला." मग ताठ उभे राहून हात वर केला आणि गर्जले, "देवानं ह्या घराला मोकळं केलं! राब उद्या!"

"देवानं न्हवं, आबा, मीच..." हा सुरू झाला.

"गप बस," पाटील पुटपुटले. "तेवढं माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

पण वारं आलं नाही तर पालखी उठवायची कशी? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बघूनराव सरळ पालखीपाशी गेला आणि पुढच्या दांड्याला खांदा लावला. "अंगात नको," म्हणाला, "पर खांद्यावर घेतो की. आपखुशीनं." पाटलांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "कोण आलंय?" त्याने सांगितलं, "मीच." दांड्याच्या दुसऱ्या टोकापाशी गेलेल्या तुकानेही हात जोडून सांगितलं, "मी तुका हाय." चौघांनी चार नावं सांगितली आणि पालखी उठली.

दुसऱ्या दिवशी गावभर राबाचा धूर होता. भाकरी बांधून देऊन मी त्याला मळवलीला गाडीवर सोडायला गेले. तो म्हणाला, "वैनी, मला वाटायचं, आपण कोण ते आपल्याला दिसलं की झालं, मोकळे. तसं न्हाई. मी केवढ्यांदा सांगत हुतो, तरी काय झालं का? मावशीनं धपाटा घातला तवा मी मोकळा झालो. दुसरं माणूस लागतंच."

"लागणारच," मी म्हटलं. "तोंड पुसा, भंडारा राहिलाय. गाडी आली."

तो शिकला, लांब मुलखात कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागला, तिकडेच संसार केला. त्याने एक पुस्तक लिहिलं. मला वाचायला पाठवलं. त्यात आमच्या गावाचं नाव कुठे नाही, पण पहिल्याच प्रकरणात बैल आहे आणि वेसण आहे. कोयत्याचं मात्र त्याने लिहिलं नाही, की तो कुणी हरवला होता. मागल्या साली तो तिकडेच तापाने गेला. त्याची बायको भेटायला आली तेव्हा तिने सांगितलं, की शेवटी अंग थडथड उडत होतं आणि तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "थंडी वाजतेय. माझी मलाच." तिला त्याचा अर्थ लागला नव्हता. मी तिला हिवतापाची गोष्ट सांगितली. मग आम्ही दोघी चहा प्यायलो.

गावाने काय केलं, तर आपल्या स्वभावाप्रमाणे त्याचाही रिवाज केला. तेव्हापासून आमच्याकडे देव कुणाच्या अंगात येत नाही. पालखीपाशी पाटील प्रत्येकाला विचारतात, "कोण आलंय?" आणि खांदा देणारा आपलं नाव सांगतो. "मीच हाय, दुसरं कुणी न्हाई." नवी पोरं समजतात, की हे पूर्वापार चालत आलंय. पहिला खांदा आमच्या घराचा. तो आज ना उद्या दुसऱ्याला गेला तर काही आकाश कोसळणार नाही. पण तो घराच्या नावाने मागून घेतलेला नव्हता. एका माणसाने आपलं नाव सांगून घेतलेला होता. शेवटचा कळस घासून झाला. पाटलांना काही कळवलं नाही.

अष्टमी. सकाळी अंघोळ केली, पदर खोचला आणि देवळापुढे जाऊन पुढच्या दांड्यापाशी उभी राहिले. आबांचा मुलगा आता पाटील आहे. तो गडबडला. "वैनी, तुमी?"

"पहिला खांदा आमच्या घराचा. घरातून मी आले आहे."

"बाईमाणसाचा खांदा कुटं आसतोय व्हय?" मागून एकजण म्हणाला.

"हा काय इथे. तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

हौसामावशी आता काठीवर चालते, पण जीभ शाबूत आहे. ती तिथूनच ओरडली, "इचार की रं पाटला! मुहूर्त जातोय!"

पाटलाने इकडे तिकडे पाहिलं, हात जोडले आणि विचारलं, "कोण आलंय?"

मी म्हटलं, "बघून सांगते."

पोरं हसली. म्हातारी माणसं हसली नाहीत. सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मीही पाहिलं. घाई केली नाही. मग सांगितलं, "मी गोदावरी. मीच आहे. दुसरं कुणी नाही."

बाकीच्या तिघांनी आपापली नावं सांगितली. दांडा खांद्यावर घेतला. पितळ चांगलं निघालं होतं.